घंटा वाजली, पुढचं टेबल

पूर्वी डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कुणाला सोपा रुग्ण मिळे, कुणाला अवघड; परीक्षकही वेगळे. गुण नशिबावर ठरत. स्कॉटलंडमधल्या डंडी इथं रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय काढला, १९७५ मध्ये प्रसिद्ध केला: ‘ऑस्की’ परीक्षा. ओळीनं टेबलं, प्रत्येकावर एक काम. कुठं रक्तदाब मोजायचा, कुठं रुग्णाची भूमिका शिकून आलेल्या व्यक्तीला वाईट बातमी सांगायची. ठरावीक मिनिटांनी घंटा वाजते, विद्यार्थी पुढे सरकतो. परीक्षकाच्या हाती यादी असते: हात धुतले का? नाव विचारलं का? तपासण्याआधी परवानगी घेतली का? अशा साध्या वागण्यालाही गुण असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आता नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थीही ही परीक्षा देतात.