प्रशिक्षण वाड्यावर गेले पाहिजे



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार मानतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीहून अधिक आणि मेंढ्या पंचवीस लाखांहून अधिक आहेत. यांतली बहुतेक जनावरे अल्पभूधारकाच्या दारात, मजुरीला जाणाऱ्या बाईच्या परसात आणि धनगरांच्या फिरत्या वाड्यांवर आहेत. आपली शिबिरे मात्र सभागृहात भरतात, आणि तीही अकरा ते चार या वेळात. नेमकी तीच चराईची वेळ असते. ज्याच्या हाती कळप आहे तो रानात असतो आणि प्रमाणपत्र दुसराच कोणी घेऊन जातो. म्हणून माझे आज एकच सांगणे आहे: आपले शिक्षण कळपाच्या वाटेवर आणि कळपाच्या वेळापत्रकाने चालले पाहिजे.

आपल्याकडे ज्ञान नाही असे नाही. राजस्थानात अविकानगरला मेंढी संशोधन संस्था १९६२ पासून आहे, मथुरेजवळ मखदूमला शेळी संशोधन संस्था १९७९ पासून आहे. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ चे. रांजणी, महूद, दहिवडी, पडेगाव येथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर काम झाले आहे. अडचण आहे ती हे ज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोचण्याची. ती कशी येते, हे आंत्रविषार या रोगाच्या उदाहरणावरून पाहू.

पहिला पाऊस पडतो, माळावर कोवळे लुसलुशीत गवत येते. भुकेली जनावरे त्यावर तुटून पडतात. आतड्यातले जंतू झपाट्याने वाढून विष तयार करतात आणि रात्री धडधाकट असलेले करडू सकाळी मेलेले सापडते. कळपातली सर्वांत गुटगुटीत जनावरेच बहुधा आधी जातात. उपचाराला सवड मिळत नाही, म्हणून लस हाच खरा उपाय. ती पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते, आणि पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते.

आता माण, खटाव, फलटणकडचा वाडा डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर तो घाट उतरून कोकणाकडे गेलेला असतो आणि मे महिन्यात परतीच्या वाटेवर असतो. आज या शिवारात मेंढ्या बसवल्या, चार दिवसांनी पुढच्या. पहिली मात्रा एका तालुक्यात मिळाली, तर दुसरीच्या वेळी तो दुसऱ्या तालुक्यात, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात असतो. तिथल्या दवाखान्यात त्याची नोंद नसते. लस तर २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते, ती पिशवीत घालून पुढे नेता येत नाही. मग दुसरी मात्रा राहून जाते, जून महिन्यात कोकरे मरतात आणि आपण म्हणतो, मेंढपाळाला लसीचे महत्त्व पटत नाही. त्याला महत्त्व पटलेले आहे. आपली व्यवस्था गावाच्या हद्दीपाशी थांबते.

जंताच्या औषधाचेही तसेच आहे. वजन नजरेने ठरवून औषध कमी पाजले जाते आणि सरसकट साऱ्या कळपाला वारंवार पाजले जाते. परिणामी औषधाला दाद न देणारे जंत उरतात. दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यकांनी यावर एक सोपी रीत बसवली. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाच रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. रक्त पिणाऱ्या जंतामुळे ज्याची पापणी फिकट पडली आहे, त्यालाच औषध द्यायचे. हे शिकायला अक्षरओळख लागत नाही. आपल्या शेळीचे तोंड रोज न्याहाळणारी बाई ते एका सकाळीत शिकते.

बाईचा उल्लेख मी जाणूनबुजून करतो. व्यायलेल्या शेळीजवळ रात्री कोण बसते? करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजते कोण? प्रशिक्षणाच्या हजेरीवर नाव मात्र घरधन्याचे असते. पुण्याच्या 'अंथरा' या संस्थेतील पशुवैद्यक भगिनींनी दख्खनी मेंढी आणि ती सांभाळणाऱ्या कुटुंबांसोबत वर्षानुवर्षे काम केले. बचत गटांतून पुढे आलेल्या पशुसखी आज गावोगाव शेळ्यांना जंतनाशक पाजतात, आजार ओळखून डॉक्टरांना फोन करतात. त्यांना नियमित मानधन, औषधांची पेटी आणि पाठीशी उभा राहणारा पशुवैद्यक मिळाला पाहिजे. सेवाभावाच्या कौतुकावर त्यांचे घर चालत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा अनुभवही इथे सांगितला पाहिजे. सुंदरबनातील लहानखुऱ्या गॅरोल मेंढीतले, जुळी कोकरे होण्यास कारण असलेले जनुक त्यांनी दख्खनी मेंढीत आणले आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे मोठे यश. पण दोन कोकरांना दूध पुरवणाऱ्या मेंढीला जास्त खुराक लागतो, अशक्त कोकराकडे जास्त लक्ष द्यावे लागते. म्हणून मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपांत, त्यांच्या बरोबरीने काम करावे लागले. सुधारित जनावर देऊन आपण मोकळे झालो, असे होत नाही. त्याच्या संगोपनाची सोबत दिली नाही, तर ते जनावर गरिबाच्या दारी ओझे होते.

राष्ट्रीय पशुधन अभियानात ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मोठे उद्योजक पुढे यावेत, त्याला माझा विरोध नाही. परंतु पाच शेळ्यांच्या मालकिणीला हवा असतो दर दोन वर्षांनी बदलून मिळणारा चांगला बोकड, गटापुरता एक वजनकाटा आणि वेळेवर लस. काटा असेल तर व्यापारी नजरेने भाव पाडू शकत नाही आणि औषधाची मात्राही चुकत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. या निमित्ताने परिषदेने चार ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक फिरत्या कळपाला राज्यभर कोणत्याही दवाखान्यात चालेल असे आरोग्यपत्रक मिळावे. मे महिन्यात परतीच्या वाटांवर, घाटमाथ्याच्या मुक्कामी लसीकरण पथके उभी राहावीत. प्रत्येक वाड्यावरचा एक तरुण आणि एक स्त्री पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली प्राथमिक उपचारांत तयार व्हावी. आणि प्रत्येक पशुवैद्यक पदवीधराने शिक्षणकाळात काही दिवस वाड्यावर मुक्काम करावा. त्या मुक्कामात मेंढपाळ त्याचा गुरू असेल, कारण कळपाची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असलेली माणसे तिथेच भेटतात.

हे ठराव कागदावर राहू नयेत, म्हणून पुढील अधिवेशनात पहिला तास आपण त्यांच्या हिशेबासाठी राखून ठेवू. त्या तासाला मेंढपाळांनी प्रश्न विचारावेत आणि आम्ही व्यासपीठावरच्यांनी उत्तरे द्यावीत.