वॉशिंग्टनचा निर्णय आणि खामगावचा भाव

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत मोताळ्याकडच्या एका कास्तकाराने चिठ्ठी पाठवली होती. 'अमेरिकेचा अध्यक्ष काय बोलला ते टीव्हीवर रोज ऐकतो. माझ्या पऱ्हाटीचा त्याच्याशी काय संबंध, तेवढं सांगा.' प्रश्न रास्त आहे. आज तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, अध्यक्ष काय बोलला ते सोडून द्या. तो सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं. आपल्या बोंडापर्यंत पोचणाऱ्या गोष्टी तीनच: न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला रुईचा भाव, अमेरिकेचा शेतीविषयक कायदा आणि आयात कर. बाकी सगळा तमाशा.

संबंध जुना आहे. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी लढाई पेटली. तिथली रुई विलायतेला जायची बंद झाली आणि मँकेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. मुंबईला रुईचे भाव कैक पटींनी वाढले, शेअरबाजाराला वेड लागलं. १८६५ मध्ये लढाई संपली तसे भाव कोसळले आणि मुंबईच्या भल्याभल्या पेढ्या बसल्या. आपल्या वऱ्हाडात मात्र ज्वारीच्या वावरात कापूस शिरला तो शिरलाच. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. म्हणजे तेजी संपून पाच वर्षं झाल्यावर गाडी आली! कास्तकाराच्या नशिबात सोयी नेहमी अशाच उशिरा येतात. तेव्हा वॉशिंग्टनचा निर्णय घाटाखालच्या वावरात उतरणं ही काल-परवाची गोष्ट नाही.

आता हिशेब. पेन्सिल काढा.

न्यूयॉर्कला रुईचा भाव सेंट-पौंडात बोलतात. आपला एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण ३४ किलो रुई निघते. ३४ किलो म्हणजे ७५ पौंड. न्यूयॉर्कचा भाव एका सेंटाने हलला तर आपल्या क्विंटलमागे ७५ सेंट हलतात. ८७ रुपयांचा डॉलर धरला तर ६५ रुपये. भाव १० सेंटांनी पडला की क्विंटलमागे ६५० रुपये गेले, व्यापाऱ्याने काही न करता. उरलेली ६२-६३ किलो सरकी. तिचा भाव इथल्या तेलाचा आणि ढेपेचा, त्यात न्यूयॉर्कचा हात कमी. म्हणून सरकी तेजीत असली की न्यूयॉर्कचा मार थोडा सुसह्य होतो. हा भाव किती हलतो पाहा: २००१ च्या शेवटी ४० सेंटांच्या खाली होता, मार्च २०११ मध्ये २ डॉलरच्या वर, २०२५ च्या पावसाळ्यात ६५ ते ७० सेंटांच्या आसपास. यात कोणा एकाचं कारस्थान शोधायला जाऊ नका. ब्राझीलचं पीक, चीनची खरेदी, पॉलिस्टरचा भाव, सगळंच त्यात येतं.

दुसरी गोष्ट, शेतीचा कायदा. यात मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण आपल्या सभांमध्ये याविषयी फार ढोबळ बोललं जातं. 'अमेरिकेत शेतकऱ्याला भरमसाट भाव मिळतो' असं आपण म्हणतो. खोटं आहे. भाव मिळत नाही, फरक मिळतो.

४ जुलै २०२५ रोजी तिथे नवा कायदा झाला. त्यात सरकीसकट कापसाचा आधारभाव ३६.७ सेंटांवरून ४२ सेंट पौंडाला नेला. ४२ सेंट पौंड म्हणजे क्विंटलला साडेब्याण्णव डॉलर, त्या वर्षीच्या डॉलरने आठ हजार रुपयांच्या आसपास. आता आपला २०२५-२६ चा हमीभाव आठवा. मध्यम धाग्याला ७,७१०, लांब धाग्याला ८,११० रुपये. आकडा जवळजवळ तोच! मी स्वतः गुणाकार तीनदा केला.

मग फरक कुठे आहे? त्यांच्याकडे शेतकरी कापूस बाजारात मिळेल त्या भावाला विकतो. वर्षाचा सरासरी भाव आधारभावाच्या खाली गेला तर त्यांचं कृषी खातं तो फरक त्याच्या खात्यात टाकतं. जमिनीच्या नोंदलेल्या पायाभूत क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर आणि ठरीव उताऱ्यावर. त्याला कापूस घेऊन कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आपल्याकडे तोच आठ हजारांचा आकडा मिळवायला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबारा, ओलाव्याची अट ८ ते १२ टक्के, केंद्र कधी उघडणार याची वाट. ज्याला दिवाळीला किराणा भरायचा आहे आणि वेचणीची मजुरी रोख द्यायची आहे, तो खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा होतो. हमीभाव कागदावर आणि कापूस ट्रकमध्ये. २०२३ च्या खरिपासाठी राज्य सरकारने कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये दिले, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. ती मदत होती. मदत सरकारच्या मर्जीवर असते, कायद्यातला फरक मागून घ्यावा लागत नाही.

म्हणून अमेरिकेचा शेतकरी सुखात आहे असंही समजू नका. २०२५ च्या पिकाचा फरक त्याला ऑक्टोबर २०२६ नंतर मिळणार, तोवर बँक दारात. आणि जमीन मोठी त्याला फरक मोठा. पण या पैशाच्या जोरावर तो पडत्या भावातही पेरत राहतो, आणि त्याची रुई जगाचा भाव खाली धरून ठेवते. त्याचा तोटा त्याची तिजोरी भरते, आपला तोटा आपलं घर भरतं. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याच अनुदानांवर खटला भरला आणि जिंकला. शेवटी २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर मोजले. त्या खटल्यात भारतही तिसरा पक्षकार होता; आपल्या कास्तकाराच्या पदरात काय पडलं ते तुम्हीच सांगा. उलट नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनेच तक्रार केली की भारत कापसाला हमीभावातून मर्यादेबाहेर आधार देतो. ऐकून हसू येतं, पण दिल्लीत असे कागद गंभीरपणे वाचले जातात.

तिसरी गोष्ट आयात कराची. ज्वारीवाल्यांनी इकडे कान द्यावा.

जगात सर्वांत जास्त ज्वारी पिकते ती अमेरिकेत, कॅन्सस आणि टेक्सासमध्ये. खातात मात्र चीनची डुकरं, थोडी त्यांच्या दारूला जाते. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनच्या मालावर कर लावायला घेतले. एप्रिलमध्ये चीनने अमेरिकन ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली. ज्वारीने भरलेली जहाजं समुद्रातून माघारी वळली. महिन्याभरात ती अनामत उठली, पण भांडण वाढत गेलं. मग सरकारने काय केलं? जुलैत शेतकऱ्यांसाठी १,२०० कोटी डॉलर जाहीर केले, पुढच्या वर्षी आणखी १,६०० कोटी. २०१८ च्या वाटपात रुईला पौंडामागे ६ सेंट होते. आपल्या क्विंटलच्या हिशेबात साडेचार डॉलर, तेव्हाचे तीनशेवर रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा १,२०० कोटी जाहीर झाले. मतांसाठी असेल, राजकारण असेल. पण सरकारने केलेल्या भांडणाचा मार शेतकऱ्यावर पडला तर भरपाई शेतकऱ्याला, एवढं तिथे ठरलेलं आहे.

आता आपल्याकडे या. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला. मार पडला तिरुपूरच्या शिवणकाम कारखान्यांवर. दिल्लीने त्याआधीच, १९ ऑगस्टपासून, रुईवरचा ११ टक्के आयात कर उठवला होता. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. तारखा लक्षात ठेवा. कास्तकाराने जूनमध्ये पेरलं तेव्हा ११ टक्के कर होता. पाते-फुलं धरली तेव्हा उठला. पहिल्या वेचणीपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे गरजू माणूस विकतो नेमक्या त्या दिवसांत, तो शून्यावर होता. आणि या सवलतीत अमेरिकेची रुईही आलीच. ज्याने आपल्या सदऱ्यावर ५० टक्के लावले, त्याच्या रुईला आपण शून्य.

किती फरक पडला असेल? रुई ७० सेंट धरा. आपल्या क्विंटलमागे ७५ पौंड, साडेबावन्न डॉलर. त्याचे ११ टक्के पावणेसहा डॉलर, म्हणजे ५०० रुपये. सगळे ५०० रुपये प्रत्येकाचे गेले असं मी म्हणणार नाही. पण गिरणीवाल्याला जास्तीत जास्त जेवढा भाव देणं परवडत होतं, ती मर्यादा तेवढी खाली आली.

गिरणीवाला आपला वैरी नाही हेही सांगतो. तिरुपूर बंद पडलं तर सूत कोण घेणार आणि सूत नसेल तर रुई कोण घेणार? कारखान्यांना मदत करायला हरकत नाही. ती तिजोरीतून करा. मजुरांच्या पगाराला हातभार लावा, कर्जाचं व्याज सोडा. आमच्या ११ टक्क्यांतून का? आणि कर बदलायचाच असेल तर एप्रिलमध्ये सांगा. मग काय पेरायचं ते आम्ही ठरवू. घाटावर सोयाबीन आहे, घाटाखाली मका आहे, ज्वारीही आहे. कापसाचं झाड ऑगस्टमध्ये उपटून दुसरं पेरता येत नाही, हे शेतीची पदवी नसलेल्यालाही कळतं.

तेव्हा निवेदनात दोनच मागण्या लिहू या. पेरणीच्या वेळचा आयात कर पुढच्या मार्चपर्यंत बदलायचा नाही. आणि हमीभावाचा फरक नोंदलेल्या पेऱ्यावर थेट खात्यात द्यायचा, केंद्रावर माल नेला असो वा नसो. अमेरिकेच्या नावाने बोटं मोडणारा ठराव कोणी मांडणार असेल तर तो खुशाल मांडा, पण या दोन मागण्यांनंतर.

आणखी एक काम. दसऱ्यापासून प्रत्येक गावात एकाने वही ठेवायची. दर सोमवारी चार आकडे लिहायचे: न्यूयॉर्कचा सेंट, डॉलरचा भाव, सरकीचा भाव आणि खामगाव किंवा मलकापूर बाजार समितीत कापसाला प्रत्यक्ष मिळालेला भाव. पहिले तीन माझ्या हिशेबात घाला, जिनिंगची मजुरी वजा करा आणि चौथ्याशी ताडून पाहा. जिथे दोन-तीनशेच्या वर फरक दिसेल त्या आठवड्यावर खूण करा. जानेवारीच्या बैठकीला वह्या घेऊन या, तिथे एकत्र मांडू.