गवताच्या गाडीचे इंजिन

मी सांगलीत छत्तीस वर्षे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज चालवले. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस, अशी माझी गावात ख्याती होती आणि ती मला आवडतही होती. आज मी सांगणार आहे ते मात्र माझ्या हातून बिघडलेल्या एका इंजिनाबद्दल.

२०१५ साली, पत्नी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, लेकीने मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेत बोलावून घेतले. ओहायो राज्यात कोलंबस शहराबाहेर तिचे घर आहे. घराभोवती पाऊण एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने तीस गुंठे जमीन, आणि त्यावर फक्त गवत. ना मिरचीचे रोप, ना कढीलिंबाचे झाड. हे गवत एप्रिलपासून वाढू लागते आणि मे महिन्यात तर सकाळी कापले की संध्याकाळी पुन्हा उगवले असे वाटते. ते कापलेच पाहिजे. तिथल्या बऱ्याच गावांत गवत आठ-दहा इंचांवर गेले की पालिकेची नोटीस येते.

ते कापायला जावयाकडे गाडी होती. चार चाकांची, बसून चालवायची, पोटाखाली पाती फिरणारी. पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, "हे काम माझ्याकडे द्या." जावई संकोचले. लेक म्हणाली, "करू दे त्यांना, बाबांचे हात रिकामे राहिले की त्यांना करमत नाही." खरे होते ते. त्या घरात सगळे मला बसवून खाऊ घालत होते. हे एकच काम माझे झाले.

झाकण उघडून पाहिले तर इंजिन ओळखीचेच निघाले. आपली जुनी टू-स्ट्रोक चेतक आठवा. तिचे इंजिन उजव्या फुगीर पॅनेलच्या आत झाकलेले असे, त्याला समोरून वारा लागत नसे. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती होती आणि तो वारा पत्र्याच्या कवचातून सिलिंडरवर सोडलेला असे. गवताच्या गाडीचे तसेच. रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिनाच्या माथ्यावर एक गोल जाळी, तिच्याखाली फ्लायव्हीलचा पंखा. तो वरून हवा ओढतो आणि कवचाच्या आतून सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे त्या पातळ चकत्यांवर, फेकतो. फरक इतकाच की हे फोर-स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचे नाही, खाली चेंबरमध्ये वेगळे असते. आणि क्रँकशाफ्ट उभा, कारण खाली पाती आडवी फिरवायची.

आता एवढे कळल्यावर पुढचे कळायला हवे होते. हे इंजिन हवेवर जगते, आणि जिथे काम करते तिथली हवा गवताच्या भुशाने भरलेली असते. मला ते कळले नाही. दर रविवारी गवत कापून झाले, इंजिन निवले, की मी घरातला प्रेशर वॉशर काढी आणि गाडी लख्ख धुऊन काढी. आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे आधी पाणी मारणे, ही सवय. गाडी अशी चमके की जावयाने फोटो काढून मित्रांना पाठवले. पण ते पाणी जाळीतून आत जात होते आणि आत साचलेला भुसा भिजवून फिन्समध्ये लिंपत होते. सोमवारच्या उन्हात तो वाळून शेणाच्या गोवरीसारखा घट्ट होई.

दुसरी चूक काटकसरीची. पेट्रोल वाचावे म्हणून मी गाडी अर्ध्या रेसवर चालवत असे. स्कूटरला हे शहाणपण आहे, इथे नाही. इथे पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतो. पाती दाट गवतात भार घेतात आणि वारा मात्र अर्धा. गवत कापताना रेस पूर्ण ठेवा, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले होते. गॅरेजवाला माणूस पुस्तक वाचत नाही, त्याला वाटते ते गिऱ्हाइकांसाठी असते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चढावर गाडी दम टाकू लागली. मग पांढरा धूर. एअर फिल्टरचा डबा उघडला तर फिल्टर ऑइलने चिंब. मी जाहीर केले, "रिंगा गेल्या." जावई म्हणाले, "जाऊ द्या बाबा, जुनीच होती, नवी घेऊ." ते चांगुलपणाने म्हणाले. पण मी रात्री जेवलो नाही. छत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाची धडधाकट गाडी माझ्या हातून बंद पडली नव्हती, आणि ही तर लेकीच्या घरची होती.

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नसे, मी 'सर' म्हणे आणि ते हसत. त्यांनी येऊन पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: हे पत्र्याचे कवच शेवटचे कधी काढले होते? मी काहीच बोललो नाही. चार-पाच बोल्ट काढून त्यांनी कवच उचलले. आत सिलिंडर दिसतच नव्हता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने एक तुकडा उपसून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर फिन्सचे ठसे उमटले होते, साच्यातून काढल्यासारखे.

रिंगा गेल्या नव्हत्या. ॲल्युमिनियमचे हेड तापून तापून हेड गॅस्केट एका जागी जळले होते, सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांचा कप्पा यांच्यामध्ये. त्या फटीतून सिलिंडरचा दाब चेंबरमध्ये जाई आणि चेंबरमधले ऑइल ब्रीदरच्या नळीतून फिल्टरकडे ढकलले जाई. रोगाचे लक्षण रिंगांसारखेच, म्हणून मी फसलो. गॅस्केट मागवले, हेड काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासले, बोल्ट पुस्तकात दिलेल्या क्रमाने थोडे थोडे, टॉर्कच्या पान्याने आवळले. चौथ्या दिवशी गाडी सुरू झाली. त्या दिवशी मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. शेजारचे गृहस्थ खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसले होते.

तेव्हापासून मी हे काम कसे करतो ते सांगतो. आधी किल्ली काढून खिशात आणि प्लगची वायर काढून बाजूला. पात्याजवळ हात घालायचा तर याला अपवाद नाही. दर वेळी गवत कापून झाले आणि इंजिन निवले की माथ्यावरची जाळी ब्रशने साफ करायची. सायलेन्सरभोवतीचे वाळके गवत काढायचे, कारण आग तिथूनच लागते. पाणी इंजिनावर मारायचे नाही. कोरडा ब्रश, आणि कॉम्प्रेसरची हवा. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा कवच काढून फिन्स मोकळ्या करायच्या. लाकडाची पट्टी घ्यावी, फिन्स मोडत नाहीत.

ऑइल दर वेळी डिपस्टिकवर बघायचे, आणि पन्नास तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचे. तीस गुंठ्यांना आठवड्याला एक तास धरला तर हंगामात तास होतात पंचवीस-तीस, म्हणजे वर्षातून एकदा पुरते. इंजिन कोमट असताना काढावे, गाळ सोबत निघतो. एका सिलिंडरच्या इंजिनाला साधारण दीड लिटरच्या आत लागते; जास्त भरले तरी धूर होतो, ही आणखी एक फसवणूक. फिल्टर दोन असतात. बाहेरचा फोम साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवायचा. आतला कागदाचा धुवायचा नाही, त्यावर हवाही मारायची नाही, हलके आपटून बघायचे आणि मळला असेल तर नवा घालायचा. प्लगची गॅप बहुतेक इंजिनांना पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, तरी आपल्या इंजिनाची पुस्तकात बघावी. असे मी आता सगळ्यांनाच सांगतो.

राहिले पेट्रोल. तिथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे आता वीस टक्क्यांचे मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. म्हणून हिवाळ्यापूर्वी टाकीत स्टॅबिलायझर टाकून इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचते. तुमच्या घरी महिनोन्‌महिने उभी असलेली जुनी स्कूटर असेल तर तिची टाकीही एकदा उघडून बघा.

तिसऱ्या खेपेला एप्रिलमध्ये कवच उचलले तर आत उंदराचे घरटे. लेकीच्या रजईतला कापूस, नातवाच्या वहीचे कपटे, सगळे फ्लायव्हीलच्या कडेने गोल रचलेले. नातू म्हणाला, "आजोबा, ते परत ठेवूया ना." उंदीर केव्हाच निघून गेले होते. ते घरटे त्याने बुटांच्या खोक्यात ठेवले आहे.

आता माझे गुडघे कुरकुरतात, जाणे होत नाही. गाडी अजून तीच आहे, गॅस्केटही मी घातलेलेच. गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेनऊला जावयांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. कवच काढून ते गाडीपाशी उकिडवे बसले होते, हातात ब्रश. "बाबा, बघा बरं, झालं का साफ?" मी चष्मा लावला आणि म्हणालो, "टॉर्च जरा खाली धरा. हेडच्या मागच्या फिन्स राहिल्यात."