फुप्फुसातील ठिपका

साध्या खोकल्यासाठी छातीचे चित्र काढावे, त्यात फुप्फुसावर वाटाण्याएवढा ठिपका दिसावा आणि घरादाराची झोप उडावी, असे हल्ली वरचेवर घडते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गोल ठिपक्यास डॉक्टर गाठ म्हणतात; पण गाठ म्हणजे कर्करोग, हे समीकरण खरे नव्हे.

अमेरिकेत वर्षानुवर्षे धूम्रपान केलेल्या ५३,४५४ स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. अल्पमात्रेच्या सी. टी. चित्रणाने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू, साध्या क्ष-किरण चित्राच्या तुलनेने, शेकडा २० नी घटले. हा लाभ थोडका नव्हे. परंतु त्या चित्रणात संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी शेकडा ९६ हून अधिक निकालांत कर्करोग नव्हताच!

मग पारख कशाने करावयाची? गाठीच्या मध्यभागी किंवा सर्वत्र चुना साठला असेल, तर ती बहुधा जुन्या व्याधीची खूण होय. कडा काटेरी असतील, तर संशय बळावतो. पण खरी साक्ष काळ देतो. आठ मिलिमीटरची गाठ काही महिन्यांत दहाची झाली, तर फरक दोनच मिलिमीटरचा वाटतो. मात्र गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. उलट, भरीव गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी समजावी. धुरकट काचेसारखी दिसणारी गाठ मात्र अतिशय सावकाश वाढते. तिच्यावर पाच वर्षेही नजर ठेवावी लागते.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे, तो क्षयाचा. पेट चित्रणात साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते अधाशीपणे शोषणारी गाठ उजळते. पण क्षयाची जागती गाठही तशीच उजळते! दिवा दोघांच्याही दारी लागतो. अशा वेळी सुईने तुकडा काढून तपासण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून जुनी चित्रे रद्दीत घालू नयेत. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यावीत. दहा वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच ठिपका तेवढाच दिसला, तर पुष्कळदा सुईही नको आणि शस्त्रही नको.