गोळी, ऊन आणि बदललेला रंग

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. त्यामुळे कुठली गोळी घ्या, कुठली सोडा, हे मी सांगणार नाही. पण आपल्या राहात्यात दिवसभर उन्हात राबणारी माणसं किती आहेत बघा. पेरूच्या बागेत, कांद्यात, बांधकामावर. शिवाय रामनवमीला मुंबईहून शिर्डीला चालत येणारे पालखीवाले. आणि गोळी घेऊन उन्हात गेलं तर काय होऊ शकतं, हे मेडिकलवाला सहसा सांगत नाही.

डॉक्सीसायक्लिन घ्या. तोंडावरच्या पिंपल्ससाठी आपल्या वयाच्या पोरापोरींना सर्रास देतात. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून पालिकाही हीच देते. हे औषध कातडीत असताना उन्हातली यूव्हीए किरणं पडली, की तिथल्या तिथे रासायनिक क्रिया होते आणि पेशींना इजा होते. मग एरवी ज्या उन्हात काही होत नाही, त्यातच चेहरा, मान, हाताची मागची बाजू भाजल्यासारखी लाल होते. कधी नखंसुद्धा सुटतात. आणि यूव्हीए काचेतूनही येतात बरं का, गाडीत बसलो म्हणजे सुटलो असं नाही.

गुडघ्याला लावायचं केटोप्रोफेनचं जेल असतं, तिथेही हाच प्रकार. जेल लावलं, वर ऊन लागलं, की नेमकी तेवढीच जागा पेटते. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, तेही या यादीत. म्हणजे घरात आई-आजोबांची स्ट्रिप एकदा वाचायला हरकत नाही.

पण मला आज खरं बोलायचंय ते क्लोफाझिमिनवर.

हे औषध मुळात लाल रंगद्रव्यच आहे. 1950 च्या दशकात डब्लिनमध्ये टीबीवर औषध शोधताना तयार झालं आणि पुढे कुष्ठरोगावर कामाला आलं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सुचवला, एमडीटी म्हणतात तो. त्यातलं हे एक. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आता औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या काही उपचारांतही वापरतात.

अडचण अशी की ते चरबीत आणि कातडीत साठतं. काही आठवड्यांत-महिन्यांत रंग आधी तांबूस, मग काळपट होत जातो. चट्टे होते तिथे जास्त, उन्हाला उघड्या भागावर जास्त. घाम, लघवीही लालसर होऊ शकते. कातडी कोरडी पडते. गोळी बंद झाल्यावर रंग उतरतो, पण हळू. काही महिने, कधी वर्षंसुद्धा.

आता गावात काय होतं बघा. माणूस बरा होत असतो. रिफॅम्पिसिनमुळे रोगाचा संसर्ग तर उपचार सुरू झाल्यावर लवकरच थांबतो. पण चेहरा काळा पडतो आणि शेजारी म्हणतात, "रोग वाढला वाटतं." लग्न ठरत असेल तर विचारूच नका. मग पेशंट गोळीच सोडतो. आणि अर्धवट सोडलं की नसा निकामी व्हायची भीती, हातापायाची जाणीव जायची भीती. म्हणजे औषधाचा रंग दिसला म्हणून खरं नुकसान ओढवून घ्यायचं. माझ्या मते पहिली स्ट्रिप हातात देतानाच "रंग बदलेल, तो रोगाचा नाही" हे एक वाक्य घरच्यांसमोर सांगायला पाहिजे.

अजून एक. काही जणांना एखादी गोळी घेतली की ओठावर किंवा अंगावर एकच गोल काळा डाग उठतो, आणि पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की बरोबर त्याच जागी. सल्फाच्या, दुखण्याच्या गोळ्यांनी असं होतं. गजकर्ण समजून वर क्रीम चोपडत बसतात लोक, आणि गोळी चालूच. अशा वेळी गोळीचं नाव लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

डाग उठला, भाजल्यासारखं झालं, तर मनाने गोळी बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना फोन करा. अंगावर फोड आले, तोंड सोलवटलं किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी गाठा. लोणीला मोठं हॉस्पिटल आहे, त्वचारोगाचे डॉक्टर आहेत. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार पेशंटलाही नोंदवता येते, टोल फ्री नंबर 1800-180-3024. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, गोळी कधी सुरू केली ती तारीखही.