पेव्हर ब्लॉकखालचे सभासद

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



२५ वर्षांचा हिशेब मांडताना एक चूक कबूल करतो. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव सर्वसाधारण सभेत मीच मांडला होता. चिखल नको, पार्किंग हवं, एवढंच डोक्यात. आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. पण बकुळीच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरलं तेव्हा मी गप्प बसलो. पुढच्या तीन वर्षांत बकूळ शेंड्याकडून वाळत गेली. कारणं आणखीही असतील, पण माझ्या मनातून ते सिमेंट जात नाही.

माती म्हणजे निर्जीव भुगा नव्हे. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यांचीही एक सोसायटीच असते. गांडूळ पाचोळा ओढून बिळात नेतं. त्याच बिळांतून हवा-पाणी आत जातं. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते उगाच नाही. जिवाणूंना सूत्रकृमी आणि एकपेशीय जीव खातात. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यातूनच नायट्रोजन मोकळा होऊन मुळांना मिळतो आणि जिवाणूंच्या एकाच जातीची दादागिरी चालत नाही. सूत्रकृमींनाही मोकळं रान नसतं. काही बुरशी चक्क फास लावून त्यांना पकडतात! दुसऱ्या काही बुरशी मुळांशी भागीदारी करतात. त्या झाडाला स्फुरद आणून देतात, झाड त्यांना साखर देतं.

कुणी खातं, कुणी खाऊ घालतं, कुणी नुसती वाट करून देतं. म्हणून तर एवढ्याशा जागेत इतक्या जाती नांदतात. वरून पाचोळा, हवा, पाणी बंद केलं, की नुकसान एकाचं होत नाही, सगळी साखळीच उपाशी पडते.

गेल्या वर्षी कमिटीने माझ्या विनंतीवरून आंब्याभोवतीचे ब्लॉक काढले आणि पाचोळा तिथेच पसरायला सुरुवात केली. या पावसाळ्यात त्या आळ्यात गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या. मी नातवाला मुद्दाम नेऊन दाखवल्या.

बकूळ काही परत येणार नाही. पण अजून ९ झाडं सिमेंटमध्ये अडकली आहेत. येत्या सभेत त्यांची आळी मोकळी करण्याचा ठराव मीच मांडणार आहे. मागच्या वेळी तुम्ही हात वर केले होतेत. या वेळीही करा, एवढीच विनंती.