नदीचें वळण

डेन्मार्कच्या पश्चिम भागांतील स्क्येर्न ही जलप्रवाहाच्या दृष्टीनें त्या देशांतील सर्वांत मोठी नदी. पूर्वी ती नागमोडी वाहे आणि पुराचें पाणी तीरांवरील दलदलींत विसांवे.

१९६२ ते १९६८ या काळांत तेथील सरकारनें नदीला बांध घालून तिचा सरळ कालवा केला आणि सुमारें ४,००० हेक्टर दलदलीचा निचरा करून शेती वसविली. धान्य पिकलें, परंतु भूमीनें त्याचें मोल मागितलें. कोरडी पडलेली दलदलीची माती हवेनें कुजून खचूं लागली. तिच्यांत दडलेलें लोह गंजून तांबूस गाळाच्या रूपानें नदीवाटे रिंगकोबिंगच्या खाडीकडे वाहूं लागलें.

अखेर १९९८ सालीं संसदेनें नदीच्या पुनरुद्धाराचा कायदा केला. १९९९ ते २००२ या वर्षांत १९ किलोमीटरांच्या सरळ पात्राऐवजीं २६ किलोमीटरांचें वळणदार पात्र खोदण्यांत आलें. सुमारें २,२०० हेक्टर भूमि नदीला परत मिळाली. त्यासाठीं शेतकऱ्यांना मात्र कसलेलीं शेतें सोडावीं लागलीं.

सरकारी खजिन्यानें आधीं निचऱ्याचा खर्च सोसला, मग तो निस्तरण्याचा. पाणी परतलें, पक्षीहि परतले. खचलेली माती मात्र कोणत्याहि कायद्यानें वर येत नाहीं.